बसल्या जागी

आमच्या घरात पक्षी बघणारी माणसं दोन प्रकारची आहेत. एक बघायला जाणारी आणि दुसरी जिथे आहेत तिथूनच बघणारी. पहिल्या प्रकारात एकटा नवरा. रविवारी पहाटे उठायचं, जड लेन्सचा कॅमेरा गळ्यात अडकवायचा, कुठल्याशा तळ्यावर जायचं, आणि उन्हं चढल्यावर परत येऊन बूट काढायच्या आधी आज किती जाती झाल्या ते सांगायचं. दुसऱ्या प्रकारात सासूबाई, मी, आणि अभ्यासाच्या नावाखाली खिडकीशी बसणारी आमची लेक. आमच्याकडे यादी वगैरे नाही. पण पक्ष्यांवरून वाद झाला की शेवटचा शब्द आईंचाच असतो, आणि यादीवाल्यालाही तो मुकाट्याने मान्य करावा लागतो.

आईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा त्यांची खुर्ची गॅलरीत गेली, ती तिथेच राहिली. सुरुवातीला त्या कंटाळायच्या. मग कुंडीतल्या एका रुंद पानांच्या झाडावर शिंपिणीने काम काढलं, आणि आईंना दिवस पुरेनासा झाला.

शिंपी हा पक्षी इतका जवळ राहतो, तरी बहुतेकांनी तो नीट पाहिलेला नसतो. मुठीत मावेल एवढा जीव, पाठ हिरवट, माथ्यावर तांबूस, शेपटी कायम ताठ. आवाज मात्र अंगापेक्षा कितीतरी मोठा. त्याची मादी पानाची कड चोचीने टोचते, भोकातून कोळ्याच्या जाळ्याचा धागा नाहीतर कापसाचा पीळ ओढते आणि दुसऱ्या कडेला नेऊन अडकवते. धाग्याचं टोक बाहेरच्या बाजूला पिंजारून फुगतं आणि तिथेच घट्ट बसतं, दाबाच्या बटणासारखं. प्रत्येक टाका सुटा. भोकं इतकी बारीक की पान वाळत नाही, हिरवंच राहतं, आणि म्हणून आजूबाजूच्या पानांत ओळखू येत नाही. मग त्या द्रोणात आतून कापूस आणि बारीक काड्यांचं मऊ अस्तर.

आईंनी हे सगळं पहिल्या टाक्यापासून पाहिलं. त्यांचा हात वर्षानुवर्षं मशीनवर फिरलेला, त्यामुळे त्या नुसत्या कौतुक करणाऱ्यांतल्या नव्हेत. एकदा दुपारी चष्मा पुसून, बराच वेळ बघून म्हणाल्या, "टाके लांब घालते गं, पण ओढ बरोबर आहे." कापूस कुठून येतोय याचा शोधही त्यांनीच लावला. मी उसवलेली उशी उन्हात टाकली होती, तिच्या कोपऱ्यातून आमच्याच घरातला माल चालला होता.

मग घरात नियम आले. त्या बाजूच्या दोरीवर कपडे वाळत घालायचे नाहीत. गॅलरीतला दिवा रात्री लावायचा नाही. कुंडीला पाणी घालायचं, पण पानाला धक्का लावायचा नाही. लेकीला फोनवर फोटो काढायला बंदी, नवऱ्याला सवलत म्हणून "लांबून, आणि एकदाच." अंडी उबायला साधारण बारा दिवस आणि पिल्लं उडायला आणखी दोनेक आठवडे लागतात, असं नवऱ्याने पुस्तकात बघून सांगितलं. म्हणजे महिनाभर ओल्या चादरींचं काय करायचं हा प्रश्न माझ्याकडे आला. पुस्तकात त्याचं उत्तर नव्हतं.

याच काळात भारद्वाजाशी असलेलं आमचं नातं बिघडलं. भारद्वाज दिसला की दिवस चांगला जातो, हे आम्ही सगळे लहानपणापासून ऐकत आलोय. कोकिळेच्याच गोतातला, पण तिच्यासारखं दुसऱ्याच्या घरट्यात अंडं न घालता स्वतःचं घरटं बांधून पिल्लं वाढवणारा, तेव्हा गृहस्थ म्हणूनही त्याचं नाव चांगलं. पण तो झुडपांतून चालत चालत किडे, गोगलगायी, सरडे जसे खातो, तशीच दुसऱ्यांची अंडी आणि पिल्लंही खातो. हे कळल्यापासून कुंपणाकडून त्याचं 'ऊप ऊप ऊप' सुरू झालं की आई काठी कठड्यावर आपटायच्या. आपटून झालं, तो दूर गेला, की मागून हात जोडायच्या. दोन्ही अगदी मनापासून.

पिल्लं उडाली तेव्हा मात्र आई अंघोळीला गेल्या होत्या. उड्डाण पाहिलं ते लेकीने, तेही अर्धवट. पण उडाली म्हणून संपत नाही. आईबाप पुढे काही दिवस त्यांना भरवत हिंडतात, आणि ती हिंडण्याची जागा आमच्याच कुंड्यांमधली होती, म्हणून आईंचा राग फार टिकला नाही.

मला खुर्ची मिळत नाही. माझं पक्षिनिरीक्षण ओट्यापाशी, पाठमोरं, नुसत्या कानाने. त्यातही बरंच कळतं. खार शेपटीला झटके देत 'चिक चिक चिक' असा न थांबता सूर लावून बसली की खाली मांजर आलेलं असतं. वरून शिकरा गेला तर आधी बुलबुल, साळुंक्या, खारी सगळ्यांचा एकच कल्लोळ, आणि मग सगळं चिडीचूप. सातभाई आले हे कळायला तर कानही लागत नाहीत. ते सहा असोत की दहा, भांडल्यासारखेच बोलतात. पण एकमेकांना भरवतात, एकमेकांची पिसं विंचरतात, आणि एका जोडीची पिल्लं वाढवायला सगळा घोळका राबतो. आमच्याकडे पाहुणे राहायला आले की लेक सातभाईंची आठवण काढते आणि मी डोळे वटारते.

तांबटाचं प्रकरण तिच्या परीक्षेच्या दिवसांतलं. ऊन तापायला लागलं की हा बोटभर हिरवा पक्षी झाडाच्या शेंड्यावर बसून 'टुक टुक टुक' सुरू करतो, मिनिटाला शंभरच्या वर. गंमत म्हणजे तेव्हा त्याची चोच मिटलेली असते. गळ्याची कातडी फुगते आणि आवाज तिथून येतो. टुक करताना मान इकडेतिकडे वळवतो, त्यामुळे आवाज एकदा डावीकडून आल्यासारखा वाटतो, एकदा उजवीकडून. लेक गणितं सोडवता सोडवता ओरडली, "बाबा, याला बंद करता येतं का?" बाबाने आनंदाने दुर्बीण आणून दिली. अर्धा तास गणित बंद पडलं. पण कपाळावरचा लाल टिळा, डोळ्यांभोवतीचा पिवळा रंग आणि शेवग्याच्या वाळक्या फांदीला खालच्या बाजूने पाडलेलं भोक तिने शोधून काढलं. पुढे ती फांदी छाटायची ठरली तेव्हा बिऱ्हाड रिकामं होईपर्यंत थांबा म्हणून खाली जाऊन भांडलीही तीच.

बसल्या जागी बघण्याला आम्ही उगाच मोठेपणा देतोय असं नवऱ्याला वाटतं. मी त्याला पक्षिशास्त्रज्ञ सालिम अलींचा दाखला देते, कारण तिथे त्याला बोलता येत नाही. १९३०च्या सुमारास हातात नोकरी नव्हती म्हणून सालिम अली किहीमला पत्नीच्या घरी जाऊन राहिले. जवळच सुगरणींची वसाहत होती, तिच्याकडे ते रोज बघत बसले. त्या बसण्यातून जे निघालं ते भरभर हिंडून हाती लागलं नसतं. नर अर्धंच घरटं विणतो, माद्या येऊन पाहून जातात, एखादीला पसंत पडलं की तो ते पुरं करून देतो, आणि लगेच दुसरीसाठी नवं अर्धं घरटं विणायला घेतो. हे कळायला तोच नर, तीच फांदी, रोज डोळ्यांसमोर लागते.

दुसरा दाखला मार्गारेट मोर्स नाइस यांचा. कुठल्याही विद्यापीठात नोकरी नसताना, मुलींचं सगळं सांभाळून या बाईंनी अमेरिकेतल्या कोलंबस गावी, घराजवळच्या झाडीतल्या साँग स्पॅरो चिमण्यांच्या पायांत रंगीत कडी घातली. एकेक चिमणी वेगळी ओळखून वर्षानुवर्षं तिचा संसार टिपला. तो अभ्यास १९३७ आणि १९४३ अशा दोन भागांत छापला गेला आणि पक्षिशास्त्रातला मोलाचा मानला गेला. साधीच चिमणी, पण कुठली चिमणी हे त्यांना ठाऊक होतं. आईंनाही कळायचं. शिंप्यांच्या त्या जोडीतल्या नराला शेपटीचं एक पीस नव्हतं, त्यावरून त्या त्याला शेजारच्या बागेतल्या नरापासून वेगळा काढायच्या.

अर्थात यादीवाल्यांशिवायही चालत नाही. कुठला पक्षी कुठे आणि कधी असतो, कुठून नाहीसा होतोय, हे हजारो लोकांच्या याद्या एकत्र केल्यावरच दिसतं. आमच्या घरातली नावंही सगळी नवऱ्याने दिलेली. नाहीतर आई शिंजिराला अजून 'तो काळा चकचकीत' म्हणाल्या असत्या. आता तर या दोन्ही प्रकारांची गाठ पडायचा एक मुहूर्त आहे. ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट हा उपक्रम १९९८ साली अमेरिकेत सुरू झाला आणि २०१३पासून जगभरचा झाला. फेब्रुवारीतल्या चार दिवसांत निदान पंधरा मिनिटं एका जागी थांबून दिसतील ते पक्षी मोजायचे आणि कळवायचे. आपल्या गॅलरीतूनही चालतं. त्या दिवशी नवरा आईंशेजारी स्टूल टाकून बसला. दहा मिनिटांत चुळबुळ सुरू झाली. आई शांतपणे सांगत होत्या, "बुलबुल तीन लिही. चार नाही, तो मघाचाच आहे. आता पलीकडून फिरून येईल." आला. त्याने खोडून तीन केलं.

सध्या घरात वाद आहे तो मोज्यावरून. जांभळा शिंजीर विणीच्या दिवसांत आपल्या हद्दीत दुसरा नर खपवून घेत नाही, आणि खाली लावलेल्या स्कूटरच्या आरशात त्याला तो रोज सापडायचा. चोचीने आरसा ठोकून ठोकून बिचारा दमायचा, म्हणून लेकीने बाबाचे जुने मोजे दोन्ही आरशांवर चढवले. आता हंगाम सरलाय. नराची ती चमक उतरून अंग पिवळट झालंय, गळ्यावरून पोटाकडे एक काळी रेघ तेवढी उरलीय, आणि भांडायची हौसही गेलीय. मोजे काढायला हरकत नाही, असं नवरा म्हणतो. आई म्हणतात, राहू देत, पुढच्या वर्षी पुन्हा शोधायला नकोत. तोवर तो मागचं काहीही न बघता स्कूटर चालवतोय आणि कोपऱ्याकोपऱ्यावर मान वळवून बघावं लागतं म्हणून कुरकुरतोय.