आंबा घाट आणि आमची गंजकी ४०७

रत्नागिरी ते कोल्हापूर साधारण १३० किलोमीटर. आमची ४०७, म्हणजे टाटाचा छोटा ट्रक, भरलेली असली की पहाटे निघून जेवणाच्या वेळेला कोल्हापूर गाठायची. हातखंबा, पाली, नाणीज, साखरपा करत घाटाचा पायथा आला की पुढचा चढ दुसऱ्या गिअरमध्ये. काचा खाली, पायाशी इंजिनाची धग, मागून हापूसच्या पेट्यांचा घमघमाट. असा प्रवास मला पुन्हा कुठल्याच गाडीत मिळाला नाही.

टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, ४०७ बाजारात आणली १९८६ साली. आमच्या हातात आली तेव्हा आमची बरीच जुनी झाली होती, आणि आधीच्या मालकाने ती मिरकरवाडा बंदरावर मासळीला लावलेली. मासळीच्या गाडीत बर्फ वितळतो, खारं पाणी हौद्याच्या फळ्यांमधून झिरपत राहतं आणि खालचे आडवे चॅनेल, म्हणजे फळ्यांना आधार देणाऱ्या लोखंडी पट्ट्या, सडत जातात. वरून रंग मात्र शाबूत. म्हणून जुनी गाडी बघताना हातोडी घेऊन खाली शिरावं. चांगलं लोखंड खणखणतं. सडलेल्या जागी आवाज बद्द येतो आणि पापुद्रे गळतात. आमच्या गाडीखाली पापुद्र्यांचा ढीग पडला, पण चेसी, म्हणजे गाडीचा मूळ सांगाडा, खणखणीत वाजली. त्या आवाजावरच मी गाडी घेतली.

डागडुजीसाठी कोल्हापूरचं उद्यमनगर गाठलं. ओतकाम, लेथ, वेल्डिंग, तिथे सगळं एका हाकेवर. मिस्त्री गाडीखालून बाहेर आले आणि म्हणाले, "मालक, हाडं चांगली हाईत. पत्र्याचं काय, पत्रा घालता येतोय." सडके चॅनेल कापून नवे जोडले, फाळक्याच्या, म्हणजे हौद्याच्या उघडत्या बाजूच्या, बिजागऱ्या बदलल्या, वर गंजरोधक रेड ऑक्साईडचे दोन हात. पुढे दर पावसाळ्याआधी चेसीला जळकं ऑइल मारायचं काम मी स्वतः करायचो. कपडे वाया जायचे, पण त्या कामात मन रमायचं. कोकणातल्या हवेत लोखंड टिकवायचं तर एवढं करावंच लागतं.

डिझेलच्या टाकीचा गंज मात्र राहून गेला होता. आंबा घाटात, चढ संपत आलेला असताना, इंजिन गुदमरल्यासारखं झालं आणि बंद पडलं. आधी चाकांना दगड लावले. डिझेल गाळणारी जाळी काढली तर तांबूस चुरा भरलेला. डिझेलमध्ये धुऊन परत बसवली, नळीत शिरलेली हवा काढायला फिल्टरवरचा स्क्रू सैल केला आणि डिझेलचा हातपंप मारायला लागलो. सुरुवातीला नुसता फेस. मग बुडबुडे. मग एकसंध डिझेलची धार. धार सुटली की स्क्रू आवळायचा, पंपाला आणखी चार दाबे द्यायचे आणि स्टार्टर मारायचा. काळा धूर सोडत इंजिन लागलं तेव्हा क्लीनर पोराने आनंदाने दरवाज्यावर थाप मारली. मलकापूरच्या टपरीवर त्याने पहिला चहा घेतला आणि मला दुसऱ्याचेही पैसे देऊ दिले नाहीत.

माल वेळेत बाजारात पोचला. परतताना उद्यमनगरात टाकी उतरवून आतून साफ करून घेतली, त्यानंतर घाटात गाडी कधी थांबली नाही.

पुढे लांज्याकडच्या एकाने चिरे वाहायला ती विकत घेतली. चांगल्या हातात गेली. तशीच ४०७ कुणी दाखवली, तर आजही हातोडी घेऊन बघायला जाईन.