शंभर मापे गव्हाचा हिशेब

आमच्या मंडळीच्या शास्त्राभ्यास वर्गात प्राचीन इस्राएलातील दशमांशाचा, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग देण्याच्या नियमाचा, विषय मांडण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा उपदेशाला हात घालण्यापूर्वी हिशेब मांडायचा, असे मी ठरवले. एका शेतकऱ्याच्या खळ्यावर शंभर मापे गहू झाला, तर त्यातला कोणाच्या घरी किती गेला, एवढे मला शोधायचे होते.

सुरुवात बायबलमधील गणना या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायापासून केली. कनान देशाच्या वाटणीत लेवी वंशाला शेतजमिनीचा वाटा नव्हता. दर्शनमंडपाच्या, म्हणजे उपासनेच्या पवित्र तंबूच्या, सेवेचा मोबदला म्हणून इस्राएलाचा दशमांश हेच त्यांचे वतन ठरले. राहण्यासाठी 48 नगरे आणि त्यांभोवतीची कुरणे मिळाली, त्यामुळे गुरे राखता येत, परंतु धान्य इतरांच्या खळ्यावरूनच यायचे. लेवीनेही मिळालेल्या दशमांशाचा दहावा भाग अहरोनाच्या वंशातील याजकांना (पुरोहितांना) द्यायचा होता. देण्याच्या बंधनातून घेणाराही सुटलेला नाही, ही या व्यवस्थेतील मला सर्वांत शहाणपणाची वाटलेली गोष्ट आहे.

बायबलमधीलच अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायाशी मात्र मी बराच अडखळलो. तेथे शेतकरी आपला दशमांश देवाने निवडलेल्या स्थानी नेतो आणि कुटुंबासह स्वतःच खातो. वाट लांबची असेल तर तो विकून चांदी गाठीला बांधावी आणि तेथे पोहोचल्यावर मनाला येईल ते विकत घ्यावे, अशी सवलतही आहे. दर तिसऱ्या वर्षी तो गावातच ठेवून लेवी, उपरे, अनाथ आणि विधवा यांना द्यायचा. जे लेवीला दिले तेच आपण कसे खायचे? हे नियम वेगवेगळ्या काळांतले आहेत, असे अनेक आधुनिक अभ्यासक मानतात. रब्बींनी, म्हणजे यहुदी धर्मशास्त्र्यांनी, मात्र सगळे नियम एकत्र उभे ठेवले: लेवींचा पहिला दशमांश दरवर्षी, सात वर्षांच्या चक्रात पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या व पाचव्या वर्षी यरुशलेमेत खाण्याचा दुसरा दशमांश, तिसऱ्या व सहाव्या वर्षी त्याऐवजी गरिबांचा, सातव्या वर्षी जमीनच पडीक, म्हणून काहीच नाही. मी हीच रीत धरली, कारण तिच्यात आकडे मिळतात.

दशमांशाआधी याजकाचा वाटा निघतो. मिश्ना या रब्बींच्या नियमसंग्रहानुसार सढळ हाताचा माणूस चाळिसावा भाग देतो, मध्यम माणूस पन्नासावा आणि कंजूष साठावा. मी मध्यम शेतकरी घेतला. याजकाला 2 मापे गेली, उरलेल्या 98 मधून लेवीला 9.8, आणि लेवीकडून पुन्हा याजकाला 0.98. राहिलेल्या 88.2 चा दशमांश, म्हणजे 8.82 मापे, यरुशलेमेसाठी. घरी उरली 79.38. याजकाला देऊन लेवीच्या हाती निव्वळ उरतात तीही 8.82 मापेच, म्हणजे शेतकऱ्याच्या कुटुंबाने यरुशलेमेत खायचे तेवढेच लेवीच्या घरी. कळपाचा हिशेब सोपा होता: काठीखालून जाणारे दर दहावे जनावर, चांगले-वाईट न पाहता.

हिशेब कागदावर जुळला, पण प्रत्यक्षात तो कसा चालला हे पाहण्यासाठी बायबलमधील नहेम्या या पुस्तकाचा तेरावा अध्याय उघडावा लागला. इ.स.पू. 433 मध्ये यहूदाचा अधिपती नहेम्या पारसाच्या राजाकडे गेला होता. परतल्यावर त्याला दिसले की दशमांश साठवण्याची मोठी खोली एल्याशीब याजकाने नहेम्याचा विरोधक तोबीया याला दिली आहे आणि वाटा न मिळाल्याने लेवी सेवा सोडून आपापल्या शेतांकडे निघून गेले आहेत. नहेम्याने तोबीयाचे सामान बाहेर फेकले, लेवींना परत बोलावले आणि कोठारांवर एक याजक, एक शास्त्री आणि एक लेवी नेमून त्यांच्या हाताखाली हानानाला ठेवले. पुढे पहिल्या शतकात तर महायाजकांचे चाकर खळ्यांवरून दशमांश बळजबरीने उचलून नेत आणि गरीब याजक उपाशी मरत, असे त्या काळच्या यहुदी इतिहासकार जोसेफसने लिहून ठेवले आहे. तो स्वतः याजककुळातला होता, म्हणून ही साक्ष मला वजनदार वाटते.

मलाखी संदेष्ट्याचे ‘सगळा दशमांश भांडारात आणा’ हे वचन दानाच्या आवाहनात नेहमी एकटेच वाचले जाते. वर्गात मी ते नहेम्याच्या त्या अध्यायानंतर लगेच वाचायला लावले, आणि पहिला प्रश्न आला तो भांडाराची किल्ली कोणाकडे होती, असा.