तुम्ही विचारलंत म्हणून: द्युरास अजूनही का वाचते?

"त्या लेखानंतरसुद्धा?" असं पुढे जोडलेलं असतंच. फ्रेंच लेखिका मार्गरित द्युरास वर्गात लावली की फ्रेंच येणारं कुणीतरी हे विचारतं. एकदाच लिहून टाकते.

'हिरोशिमा मोनामूर' चित्रपटाची पटकथा, व्हिएतनाममधल्या सायगावजवळचं बालपण, 1984 सालचं गोंकूर हे फ्रेंच साहित्य-पारितोषिक तुम्हाला ठाऊक आहे. लेखाचंच बोलू.

ऑक्टोबर 1984. फ्रान्सच्या व्होज भागातल्या नदीत चार वर्षांच्या मुलाचं प्रेत सापडलं, हातपाय बांधलेलं. पुढच्या जुलैत आईला अटक झाली. 'लिबेरासिओं' दैनिकासाठी द्युरास तिकडे गेली. आईने भेट नाकारली. मग हिने नुसतं घर पाहिलं आणि तेवढ्यावर हिची खात्री पटली. आई तुरुंगातून सुटली, आणि दुसऱ्याच दिवशी, 17 जुलै 1985ला, लेख छापून आला: मूल आईनेच मारलं, आणि नवऱ्याच्या हुकमतीत घुसमटलेल्या बाईचं ते कृत्य उदात्तच. पुरावा? घर! संपादकाने सोबत लेखनस्वातंत्र्याचं टिपणही जोडलं. 1993मध्ये न्यायालयाने सांगितलं, या आईविरुद्ध काहीही नाही. आठ वर्षं. मूल गेलेलं, वर हा लेख कपाळी.

नाही, मी त्याचं समर्थन करत नाही. दरवेळी हे आधी सांगायला लावता, त्याचाच वैताग येतो.

विशीत मी म्हणायचे, लेखक वेगळा, लेखन वेगळं. तेव्हाच्या मला आज विचारावंसं वाटतं, इथे ते वेगळं करणार कसं? द्युरासने आपला तरुणपणीचा श्रीमंत प्रियकर 1950, 1984 आणि 1991 अशा तीन कादंबऱ्यांत लिहिला, दरवेळी वेगळा, दरवेळी तितक्याच ठामपणे. 'इंडिया साँग' या तिच्या चित्रपटातलं कलकत्ता तिने पॅरिसजवळच्या ओसाड वाड्यात उभं केलं. समोर नसलेलं ठासून सांगायचं, हीच तिची ताकद. कलकत्त्याचं त्यात काही बिघडलं नाही. व्होजमध्ये मात्र जिवंत बाई होती.

आणि त्याच 1985मध्ये तिचं 'ला दुलर' (म्हणजे 'वेदना') हे पुस्तक आलं. नवरा छळछावणीतून जिवंत परतेल का, या धास्तीत टेलिफोनपाशी बसलेली बाई. न कळण्याचा छळ इतका नेमका लिहिणारीला त्या घरासमोर 'मला माहीत नाही' एवढं म्हणता आलं नाही? की माहीत नसणं सोसत नाही, म्हणूनच दोन्ही लिहिली गेली? हे मी कधी बचाव म्हणून मांडते, कधी आरोप म्हणून.

तुम्ही तिला सोडलंत, ठीक. मी पुढच्या सत्रात 'ला दुलर' लावतेय. यंदा सोबत तो लेखही देणार. मुलांनी आधी काय वाचावं, ते मात्र अजून ठरत नाहीये.