सर्व्हर डाऊन आणि चौथं शील

गेल्या वर्षावासातली, म्हणजे आम्हा बौद्धांच्या पावसाळ्यातल्या तीन महिन्यांतली गोष्ट आहे, बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते. राजवाड्याजवळ माझं छोटं झेरॉक्सचं आणि ऑनलाईन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे, दिवसभर दाखले, स्कॉलरशिपचे फॉर्म, आधारच्या झेरॉक्स असलंच चालू असतं. त्या दिवशी सहा वाजून गेलेले, बाहेर साताऱ्याचा पाऊस, लेकीला क्लासवरनं आणायचं होतं आणि सातला विहारात पोचायचं होतं, आणि तेवढ्यात ठोसेघरकडच्या एक आजी आल्या, पदराखाली प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद धरलेले, उत्पन्नाच्या दाखल्याचा फॉर्म भरायचा होता. वीस-पंचवीस मिनिटांचं काम. मी कागद नीट बघितले पण नाहीत आणि म्हणलं, "आजी, सर्व्हर डाऊन आहे, उद्या या." सर्व्हर चालू होता. माझ्या मागं स्क्रीनवर पेज उघडंच होतं. आजी म्हणल्या, "बरं बाई, येते उद्या," आणि पिशवी परत पदराखाली घेऊन पावसात गेल्या.

खरं सांगते, तेव्हा मला काहीच वाटलं नाही. आमच्या धंद्यात हे वाक्य दिवसातनं दोनचारदा तोंडातनं जातंच, कधी खरं कधी खोटं.

विहारात गेले, मेणबत्ती लावली, अगरबत्ती लावली, नमो तस्स तीनदा झालं, त्रिसरण झालं, पंचशील सुरू झालं. पाणातिपाता, अदिन्नादाना, कामेसु मिच्छाचारा, सगळ्यांबरोबर माझा पण आवाज चाललेला, आणि चौथ्याला, खोटं न बोलण्याच्या शीलाला, "मुसावादा" म्हणलं आणि पुढचा शब्दच निघेना. लहानपणापासनं, आईच्या मांडीवर बसून शिकल्यापासनं म्हणतीय हे, झोपेत पण म्हणू शकते, पण त्या दिवशी वेरमणी म्हणताना ती पिशवी डोळ्यासमोर आली. बाकीचे पुढं पाचव्या सुरामेरयला पोचले तरी मी चौथ्यालाच.

वंदना झाल्यावर वर्षावासात आमच्याकडं ग्रंथवाचन असतं, आषाढी पौर्णिमेपासनं आश्विन पौर्णिमेपर्यंत रोज बाबासाहेबांचा 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' थोडा थोडा वाचतात. माझं लक्ष नव्हतं. वाचन संपल्यावर मी आमच्या बौद्धाचार्य काकांजवळ गेले आणि विचारलं, काका, प्रत्येक शीलाच्या शेवटी आपण "वेरमणी सिक्खापदं समादियामि" म्हणतो, त्यातलं समादियामि म्हणजे नेमकं काय हो? इतक्या वर्षांत हे कधी विचारलंच नव्हतं ह्याचीच जास्त लाज वाटली. काकांनी एकेक शब्द सोडवून सांगितला. वेरमणी म्हणजे त्यापासनं लांब राहणं. सिक्खापद म्हणजे शिकण्याची पायरी, शिक्षणाचा नियम म्हणा. समादियामि म्हणजे मी अंगावर घेते, स्वीकारते. म्हणजे "खोटं बोलू नकोस" असा हुकूम कुणी वरनं दिलेला नाही, "खोट्यापासनं लांब राहायचं शिक्षण मी घेतीय" असं आपणच आपल्या तोंडानं बोलतो. आणि शिक्षण आहे म्हणून तर रोज म्हणायचं, एकदा म्हणून संपत नाही. मला इतकी वर्षं वाटायचं की आपण म्हणतो म्हणजे आपण पाळतोच.

त्यांनी मग भगवान बुद्धांचा मुलगा राहुल, जो पुढं संघात आला, त्याची गोष्ट सांगितली. मज्झिम निकाय ह्या पाली ग्रंथातलं 61 वं सुत्त, म्हणजे उपदेश आहे, अम्बलट्ठिक राहुलोवाद. भगवान राजगृहाला वेळुवनात होते आणि राहुल अम्बलट्ठिकेला. संध्याकाळी भगवान तिकडं गेले, राहुलनं आसन मांडलं, पाय धुवायला पाणी ठेवलं. पाय धुऊन झाल्यावर भांड्यात थोडंसं पाणी ठेवून भगवान म्हणाले, राहुल, हे थोडं पाणी दिसतंय? जाणूनबुजून खोटं बोलताना ज्याला लाज वाटत नाही त्याचं श्रामण्य, म्हणजे भिक्षूपण, एवढंच थोडं. मग ते पाणी ओतून दिलं, भांडं पालथं केलं, सरळ केलं, रिकामंच, आणि प्रत्येक वेळी तेच सांगितलं. म्हणून राहुल, थट्टेत पण खोटं बोलणार नाही असं शिक. आणि नंतर विचारलं, आरसा कशासाठी असतो? बघण्यासाठी, राहुल म्हणाला. मग तसंच, काही करायच्या आधी बघ, करताना बघ, करून झाल्यावर बघ, ह्यानं मला किंवा दुसऱ्याला किंवा दोघांना त्रास होतोय का. अंगानं, वाचेनं, मनानं, तिन्हीचं असंच. आणि वाचेनं काही चुकलं असेल तर ते शास्त्याला, म्हणजे गुरूला, नाहीतर जाणत्या सोबत्यांना उघड करून सांग, आणि पुढं जप.

सम्राट अशोकानं पण हे सुत्त निवडून घेतलेलं. राजस्थानात बैराटला सापडलेला त्याचा जो शिलालेख आता कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीत आहे, त्यात भिक्षू-भिक्षुणींनी आणि उपासक-उपासिकांनी पण वारंवार ऐकावेत म्हणून सात धम्मपाठ सांगितलेत, त्यात एक राहुलला खोट्याबद्दल केलेला उपदेश. उपासिका म्हणजे माझ्यासारख्याच की. दोन हजार वर्षांपूर्वी दगडावर कोरलेलं आणि मी काउंटरवर बसून सर्व्हर डाऊन.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर दुकान उघडलं, आजी येतील म्हणून. नाही आल्या. त्याच्या पुढच्या दिवशी पण नाही. त्यांचा नंबर माझ्याकडं नव्हता, नाव पण माहीत नव्हतं, कागद बघितलेच नव्हते ना. पाऊस जोराचा होता, घाटात गाडी वेळेवर येत असेल नसेल, आणि मला सारखं वाटायचं की तारीख तर गेली नसेल त्यांची कशाची. करायच्या आधी आणि करताना आरसा बघायची वेळ गेलेली, हातात फक्त "करून झाल्यावर" राहिलेलं, आणि ते फार जड असतं. रोज येता-जाता प्रतापसिंह हायस्कूलचं नाव कानावर, डोळ्यावर पडतंच, 7 नोव्हेंबर 1900 ला जिथं बाबासाहेबांचं नाव शाळेत दाखल झालं ती शाळा, आणि त्या तीन दिवसांत मला सारखं बाबासाहेबांचंच सांगणं आठवायचं की प्रज्ञेबरोबर शील पाहिजे, नुसती विद्या असली तर ती घातक. मला कॉम्प्युटर येतो आणि आजींना येत नाही, एवढ्याच जोरावर मी ते खोटं खपवलं होतं. बाबासाहेबांनी धम्मदीक्षेच्या वेळी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत पण प्रज्ञा, शील, करुणा एकत्रच येतात, सुट्या सुट्या नाही.

आमच्यात काही जण म्हणतात वंदना म्हणली की पुण्य लागतं, घरात शांती येते. माझं मत वेगळं आहे आणि मी ते विहारात पण बोलते. पाली कळत नसताना नुसतं म्हणत राहिलं तर ते गाणं होतं, गोड लागतं, पण आपलं काही बदलत नाही. पण म्हणायचं सोडून फक्त अर्थ वाचला तरी ऐन वेळेला तो अर्थ आठवत नाही, गिऱ्हाईक समोर उभं असताना पुस्तक कोण उघडणार. तोंडात बसलेला शब्दच तिथं येतो. प्रज्ञेचे तीन प्रकार सांगतात, ऐकून आलेली सुतमया, विचार करून आलेली चिन्तामया आणि स्वतः सराव करून आलेली भावनामया. माझी पस्तीस वर्षं पहिल्या पायरीवरच गेली असं मला आता वाटतं.

चौथ्या दिवशी अकराच्या सुमाराला आजी आल्या. मी खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणलं, "आजी, त्या दिवशी सर्व्हर चालू होता. मला घरी जायची घाई होती म्हणून मी तुमच्याशी खोटं बोलले. चुकलं माझं." बोलताना हात थरथरत होते, दुकानात दोन कॉलेजची पोरं पण होती.

आजींनी माझ्याकडं बघितलं, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणल्या, "व्हय? मग आज हाय न्हवं चालू?"

चालू होता. फॉर्म भरला, फोटो काढला, कागद स्कॅन केले, पावती हातात दिली. पैसे घ्यायचे नाहीत असं मी ठरवलेलं, पण त्यांनी कनवटीचे काढून काउंटरवर ठेवले, "कामाचं घे पोरी, फुकट नगं," म्हणल्या. मी घेतले. नंबर पण लिहून घेतला ह्या वेळी.

आता घाई असली की मी सरळ सांगते, आज मला निघायचंय, उद्या दहाला पहिलं तुमचंच करते. परवा एक काका चिडले, सरकारी कामाचे पैसे घेता आणि घरी पळता म्हणाले आणि शेजारच्या दुकानात गेले. लेक तिथंच बसलेली. मला म्हणाली, "मम्मी, सर्व्हर डाऊन म्हणली असतीस तर गेले नसते." मी तिला राहुलच्या भांड्याची गोष्ट सांगितली, ती सातवीत आहे, तिनं ऐकून घेतली आणि विचारलं, आजोबा कधी वारले ते तू मला लहानपणी खोटं सांगितलेलं, त्याचं काय? त्यावर आम्ही अजून बोलतोय.