तुम्ही विचारलंत म्हणून: आजार डॉक्टरांना कळतो, मग धोरणासाठी लोकांना का विचारायचं?

मानसिक आरोग्यावरच्या संशोधनासाठी मी लोकांचे अनुभव नोंदवून घेते. उपचार घेतलेले, अर्ध्यावर सोडलेले, घरातल्या कुणाचा आजार वर्षानुवर्षं सांभाळणारे, सगळे यात येतात. त्यामुळे एक प्रश्न मला सारखा विचारला जातो: "आजार डॉक्टरांना कळतो, आकडे अभ्यासकांना कळतात. मग धोरण ठरवताना सामान्य माणसाचं मत कशाला?" विचारणाऱ्यांची एक शंका रास्त आहे. तिच्याकडे नंतर येते.

आधी शॉक ट्रीटमेंटचं उदाहरण. या उपचाराबद्दल रुग्णांना काय वाटतं, यावर तोवर झालेले अभ्यास ब्रिटनमध्ये डायना रोज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 मध्ये एकत्र तपासले. रोज स्वतः मानसिक आरोग्यसेवा घेतलेल्या संशोधक. त्यातले 26 अभ्यास डॉक्टर मंडळींनी केलेले होते आणि 9 रुग्णांनी स्वतः किंवा त्यांना सोबत घेऊन. डॉक्टरांच्या अभ्यासांत 'फायदा झाला' म्हणणारे जास्त निघाले, रुग्णांच्या अभ्यासांत कमी. उपचार संपल्यावर लगेच, रुग्णालयातच, डॉक्टरांनीच मोजके प्रश्न विचारले की उत्तरं अनुकूल येतात, असं त्या तपासणीतून दिसलं. किमान एक तृतीयांश रुग्णांनी दीर्घकाळ टिकलेल्या विस्मरणाची तक्रार केली होती. त्याच वर्षी तिथे या उपचाराबद्दलच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना आल्या, तेव्हा हे काम विचारात घेतलं गेलं.

तीव्र नैराश्यात या उपचाराचा उपयोग होतो. त्याने सावरलेल्या माणसांशी मी बोलले आहे. मला सांगायचंय ते वेगळंच. ज्याच्या सहीवर आपला डिस्चार्ज अवलंबून आहे, त्याच्यासमोर माणूस हातचं राखून बोलतो. म्हणून 'लोकांना विचारलं' एवढं मला कधीच पुरत नाही. कुणी विचारलं, कुठे बसून विचारलं आणि नाही म्हणायची मोकळीक होती का, हे मी आधी बघते.

विचारण्याची वेळही तितकीच महत्त्वाची. मसुदा छापून झाल्यावर मागवलेल्या सूचनांमधून फार तर शब्द बदलतात. संशोधनाचा प्रश्न ठरण्याआधी विचारलं, तर प्रश्नच बदलतो. ब्रिटनमध्ये 2004 पासून जेम्स लिंड अलायन्स नेमकं हेच करते: रुग्ण, त्यांची काळजी घेणारे आणि डॉक्टर एकत्र बसून कशावर संशोधन व्हावं याची क्रमवारी लावतात. स्किझोफ्रेनियासाठी, म्हणजे भास होणाऱ्या एका गंभीर मानसिक आजारासाठी, अशी यादी झाली, तेव्हा पहिल्या 10 प्रश्नांत औषधांमुळे वाढणारं वजन आणि लैंगिक जीवनावर होणारा परिणाम हे दोन्ही होते. हे वाचून मला आश्चर्य वाटलं नाही. भास कमी झाले की नाही, याची नोंद फाइलमध्ये होते. अंगावर कपडे बसेनासे झाले, नवरा-बायकोत अंतर पडलं, म्हणून गोळ्या बंद केल्या, हे फाइलमध्ये नसतं. गोळ्या का सुटतात हे कळलं नाही, तर औषधं मोफत वाटूनही काय होणार?

आता ती रास्त शंका. सूचना पाठवतात ते बहुधा फार रागावलेले तरी असतात किंवा फार कृतज्ञ तरी, मग त्यावर धोरण कसं बेतायचं? हे खरं आहे. शंभर निवेदनांपैकी साठ एकाच बाजूची असली, म्हणून समाजातले साठ टक्के लोक त्या बाजूचे ठरत नाहीत. किती जणांना काय वाटतं, हे कळायला नीट नमुना निवडून सर्वेक्षणच लागतं. पण सर्वेक्षणात काय विचारायचं, हे निवेदनांतून कळतं. शिवाय सगळ्यात मोठी उणीव वेगळीच असते: उपचार सोडून गेलेले लोक कुठल्याच यादीत नसतात. त्यांना मुद्दाम शोधावं लागतं, त्यांच्या सोयीच्या वेळी भेटावं लागतं, येण्याजाण्याचा खर्च आणि बुडालेल्या दिवसाचे पैसे द्यावे लागतात. यासाठी वेगळा निधी नसेल, तर 'सूचना पाठवा' या आवाहनावर माझा फारसा विश्वास बसत नाही.

आणखी एक गाठ आहे, ती सहज सुटत नाही. इच्छेविरुद्ध दाखल करण्याबद्दल विचारलं, की घरचे आणि रुग्ण वेगवेगळं बोलतात. रात्रभर जागलेली आई म्हणते, कुणीतरी याला लगेच न्या. तोच मुलगा म्हणतो, मला धरून नेलं त्या दिवसापासून मी कुणावर विश्वास ठेवलेला नाही. मला दोघंही खरे वाटतात. यांची सरासरी काढता येत नाही. मात्र दोघांना पुढे विचारलं, "त्या रात्री काय मिळालं असतं तर ही वेळ आली नसती?" तर उत्तरं जवळ येतात: रात्री उचलला जाणारा फोन, घरी येणारं पथक, दोन दिवस राहता येईल अशी शांत जागा. हे तिन्ही करून बघता येतं, मोजता येतं. इथे संशोधनाचं काम सुरू होतं.

ऐकून घेतल्यावर सगळं लगेच बदलतं, असं मात्र मी कुणालाही सांगत नाही. न्यूझीलंडमध्ये मानसिक आरोग्यसेवेबद्दल सरकारने नेमलेल्या 2018 च्या चौकशीत 400 हून अधिक बैठका झाल्या, 5 हजारांहून अधिक निवेदनं आली. सक्तीच्या उपचारांचा 1992 चा कायदा रद्द करून नवा आणावा, अशी शिफारस झाली. नवं विधेयक संसदेत आलं ते 2024 मध्ये. म्हणून मधल्या काळात 'तुमचं म्हणणं इथवर पोचलं, हे मान्य झालं, हे या कारणाने झालं नाही' असं लोकांना कळवत राहणं मला अत्यावश्यक वाटतं. ते झालं नाही, तर पुढच्या वेळी तीच माणसं का येतील?

यावर पुष्कळदा विचारतात, "मग सूचना मागवल्या की आम्ही नेमकं काय लिहायचं?" काय घडलं ते क्रमाने लिहा. कुठे अडलं, कशाची वाट बघावी लागली, काय मिळालं असतं तर निभावलं असतं, ते लिहा. घरातल्या दुसऱ्या कुणाबद्दल लिहीत असाल तर आधी त्यांना विचारा, आणि त्यांची ओळख पटेल असं काही ठेवू नका. आपलं नाव छापू नये असं वाटत असेल, तर ते पहिल्याच ओळीत स्पष्ट लिहा. लिहिताना त्रास व्हायला लागला, तर थांबा. अर्धवट लिहिलेलंही पाठवता येतं.