कोच गावचा कोचिश

मी हंगेरियन भाषा शिकते आहे हे कळले की बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात: इतक्या दूरच्या भाषेत आपल्या ओळखीचा एखादा तरी शब्द आहे का? तुम्हीही विचारलेत म्हणून सांगते. आहे, आणि तो एका व्यवसायाच्या नावात दडलेला आहे.

घोडागाडी हाकणाऱ्याला हंगेरियनमध्ये 'कोचिश' म्हणतात. आपल्या 'कोचमन'शी असलेले त्याचे नाते कानाला लगेच जाणवते, परंतु कोचिश इंग्रजीतून तिकडे गेलेला नाही; प्रवास उलट्या दिशेने झाला आहे. हंगेरीच्या वायव्येस, बुडा शहराहून (आजच्या बुडापेस्टचा एक भाग) व्हिएन्नाला जाणाऱ्या वाटेवर, कोच नावाचे गाव आहे. तिथले हलके, वेगवान गाडे पंधराव्या शतकात नावाजले आणि लोक त्यांना 'कोचि सेकेर', म्हणजे कोचचा गाडा, म्हणू लागले. गावाच्या नावाला 'इ' लावला की 'त्या गावचा' असा अर्थ होतो. पुढे 'सेकेर' गळाला आणि नुसते 'कोचि' उरले. मराठी माणसाला हे निराळे समजवावे लागत नाही, कारण आपणही पैठणी म्हणताना साडी आणि कोल्हापुरी म्हणताना चप्पल बोलून दाखवत नाही. (प्रत्यय सारखे दिसतात हा मात्र निव्वळ योगायोग, दोन्ही भाषांची कुळे वेगळी आहेत.) या कोचिला 'श' जोडला की गाडीवान होतो, जसा 'ओरा' म्हणजे घड्याळ यापासून घड्याळ दुरुस्त करणारा 'ओराश'. आपल्याकडच्या सुतार-लोहारांप्रमाणे कोचिश हे आडनावही झाले. 1954 च्या फुटबॉल विश्वचषकात सर्वाधिक, म्हणजे 11 गोल करणारा शांडोर कोचिश आडनावाने गाडीवानच.

गाडीचे नाव जर्मनमध्ये 'कुट्शे', फ्रेंचमध्ये 'कोश' आणि इंग्रजीत 'कोच' झाले, आणि तिथून ते आपल्या रेल्वेच्या डब्यापर्यंत पोचले. 1830 च्या सुमारास ऑक्सफर्डमधल्या विद्यार्थ्यांनी परीक्षेच्या पैलतीरी नेणाऱ्या खाजगी शिक्षकालाही गमतीने कोच म्हटले, आणि खेळातला कोच काय किंवा गल्लोगल्लीचे कोचिंग क्लास काय, ही सारी त्या थट्टेचीच संतती.

हंगेरियन माणसाला मात्र 'कोचि' म्हटले की दारातली मोटार आठवते. खेळाडू घडवणाऱ्याला तो 'एद्झो' म्हणतो, आणि तो शब्द पोलादाला पाणी देणे या अर्थाच्या क्रियापदावरून आला आहे.