दारोदार फिरून मतं मिळतात का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. मी निवडणुकीत बूथचं काम बघतो असं कळलं की समोरच्याचे दोन प्रश्न ठरलेले असतात. पहिला, "काय, कोण येणार यंदा?" त्याला मी हसून पाणी मागतो. दुसरा जरा विचार करून येतो: "एवढं दारोदार फिरून खरंच फरक पडतो का हो? लोकांचं तर आधीच ठरलेलं असतं."

ठरलेलं असतं, हे खरं आहे. आमच्या कामाची सुरुवातच तिथून होते. ज्याचं ठरलेलं नाही त्याच्यामागे सभा, भोंग्याच्या रिक्षा, टीव्हीवरच्या चर्चा आणि व्हॉट्सअ‍ॅप सगळे लागलेले असतात. ज्याचं पक्कं ठरलंय त्याच्याकडे कुणी फिरकत नाही, आणि नेमका तोच माणूस मतदानाच्या दिवशी "जाऊ दुपारनंतर" म्हणत घरी बसतो. आमच्यात याला 'मतदान काढणं' म्हणतात. मत फिरवणं हे वेगळं काम आहे, ते नेत्यांचं. मतदान काढणं बूथवरच्या पोरांचं.

२० नोव्हेंबर २०२४ ची विधानसभा घ्या. राज्यात मतदार होते साधारण ९ कोटी ७० लाख आणि मतदान झालं ६६.०५ टक्के. १९९५ नंतरचा सगळ्यात मोठा आकडा म्हणून त्याचं कौतुक झालं, आणि ते व्हायलाच हवं होतं, कारण २०१९ ला आपण ६१ टक्क्यांच्या आसपास होतो. तरी तीन कोटींवर माणसं त्या दिवशी केंद्राकडे फिरकली नाहीत. आता दुसऱ्या बाजूने बघा. साकोलीचा निकाल २०८ मतांनी लागला, मालेगाव मध्यचा १६२ मतांनी. त्याच वर्षीच्या लोकसभेला मुंबई उत्तर-पश्चिमची जागा ४८ मतांवर गेली. विधानसभेच्या एका मतदारसंघात सव्वातीनशे-साडेतीनशे केंद्रं धरली तर २०८ म्हणजे केंद्रामागे एक मतसुद्धा होत नाही. त्या मतदारसंघात "बघू नंतर" म्हणून झोपलेल्यांची संख्या काढायला गणित यावं लागत नाही.

पण फिरायच्या आधी यादी. लोकांना वाटतं प्रचार म्हणजे पायपीट. माझ्या मते निम्मं काम यादीवर होतं आणि तेच सगळ्यात कंटाळवाणं असल्यामुळे कुणाला नको असतं. एका केंद्राची यादी म्हणजे हजारेक नावं. संध्याकाळी देवळाच्या ओट्यावर किंवा मंडळाच्या खोलीत बसायचं, एकाने मोठ्याने वाचायचं, आणि गावातला असा एक जाणता बसवायचा ज्याला सगळ्यांची सोयरीक पाठ आहे. "१४७?" "वारले. दिवाळीच्या आधी." "१४८, त्यांच्या पत्नी?" "आहेत, पण मुलाकडे, चाकणला." "१५२ ते १५५?" "घर विकून गेले." "१५६?" "ही पोरगी लग्न होऊन गेली, तिकडेपण नाव असणार." वाचणारा पुढे सरकतो, दुसरा हिरव्या पेनाने आपले, लाल पेनाने त्यांचे, आणि ज्यांचं काहीच सांगता येत नाही त्यांच्यापुढे प्रश्नचिन्ह काढतो. हजार नावांतून वारलेले, दुबार, बाहेरगावी गेलेले वजा केले की खरे मतदार कळतात. ते कळल्याशिवाय "आमच्या गावात ७० टक्के झालं" या वाक्याला काही अर्थ नाही. जी ३० टक्के आली नाहीत त्यांतली कितीतरी गावातच नव्हती.

याच वाचनात राहिलेली नावं सापडतात. अठरा पूर्ण झालेलं पोरगं, नवी आलेली सून. नव्या नावासाठी फॉर्म ६, वगळायला ७, पत्ता किंवा दुरुस्तीसाठी ८. पूर्वी १ जानेवारी ही एकच पात्रता तारीख (म्हणजे ज्या दिवशी अठरा पूर्ण हवीत ती) असायची, २०२२ पासून वर्षात चार झाल्या: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. तरीही लोक आचारसंहिता लागल्यावर जागे होतात, तेव्हा हातात जेमतेम काही दिवस उरलेले असतात. मतदानाच्या दिवशी माझ्या टेबलावर येऊन "माझं नाव कुणी कापलं?" म्हणून तावातावाने भांडणारा माणूस वर्षभर बीएलओला, म्हणजे यादीचं काम बघणाऱ्या सरकारी माणसाला, एकदाही भेटलेला नसतो. (कधी कधी मात्र खरोखर कापलेलं असतं. तेव्हा त्याच्या डोळ्याला डोळा देववत नाही.)

बाहेरगावी गेलेल्यांचा प्रश्न गावागणिक वेगळा. कोकणात चाकरमानी मुंबईला, नाव मात्र गावच्या यादीत. बीडकडे ऊसतोड. २०२४ ला गाळप हंगाम १५ नोव्हेंबरला धरला होता आणि मतदान २० तारखेला. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेला कामगार टोळी नेणाऱ्या मुकादमाच्या शब्दावर गाडीत बसतो; त्याच्या मतदान कार्डाचा विचार त्या हिशेबात कुठेच नसतो. अशा वस्तीत प्रचाराला जाण्यापेक्षा मुकादमाकडे जाऊन "टोळी २१ ला हलव" एवढंच पटवता आलं तर ते जास्त मोलाचं. मत कुणालाही देवोत, आधी माणसं तिथे तर असू देत.

आता फिरणं. वेळ आणि माणूस, या दोनच गोष्टी बघायच्या. खेड्यात उन्हं चढल्यावर गेलात तर घरात म्हातारी आणि कुत्रं. सात-साडेसातनंतर संध्याकाळी जा. शहरात रविवारी सकाळी दहा ते एक, त्यानंतर लोक जेवून झोपतात आणि बेल वाजवणाऱ्याला शिव्या मिळतात. वीस जणांचं टोळकं गळ्यात उपरणी घालून दारात उभं राहिलं की घरचा माणूस हात जोडतो, "हो हो, तुम्हालाच" म्हणतो आणि दार लावतो. मागच्या पक्षालाही तो तेच म्हणालेला असतो. त्यापेक्षा दोघं जावेत, त्यातली एक त्याच गल्लीतली बाई असावी. बचत गटातली, भिशीतली, जिचं येणंजाणं आहे अशी. तिला दार उघडतं आणि पाटही मिळतो.

आणि तिने काय विचारायचं? "आम्हाला मत द्या" हे वाक्य शेवटी, नाही म्हटलं तरी चालेल. आधी असं:

"मावशी, बुधवारी किती वाजता जाताय?"

"बघू, स्वयंपाक उरकला की."

"म्हणजे अकराला?"

"छे, अकराला पाणी येतं."

"मग साडेनऊला चला ना. शेजारच्या वहिनी निघणारेत साडेनऊला. केंद्र माहितीये ना? या वेळी शाळेच्या मागच्या इमारतीत आहे, तिसरी खोली."

"हो का? मला वाटलं तिथंच."

झालं. यादीत नावापुढे 'साडेनऊ, शेजारणीबरोबर' असं लिहायचं. पक्षाचं नाव आलं नाही, जाहीरनामा आला नाही, पण मावशी बुधवारी साडेनऊला चपला घालतील याची शक्यता त्या एका गल्लीत लावलेल्या सगळ्या फ्लेक्सपेक्षा जास्त आहे. हा माझा निव्वळ अनुभव म्हणून सोडून देऊ नका. १९९८ मध्ये येल विद्यापीठाच्या अ‍ॅलन गर्बर आणि डोनाल्ड ग्रीन यांनी अमेरिकेत न्यू हेवन शहरात सुमारे ३० हजार मतदारांवर प्रयोग केला. काहींच्या घरी माणूस गेला, काहींना पत्रं गेली, काहींना पैसे देऊन नेमलेल्या लोकांकडून फोन. समोरासमोर भेटलेल्यांचं मतदान ठळकपणे वाढलं, पत्रांनी किंचित, आणि फोनचा उपयोग दिसला नाही. तरी आपल्याकडे दर निवडणुकीला उमेदवाराच्या आवाजातला रेकॉर्ड केलेला फोन येतोच. तो वाजला की तुम्ही काय करता, ते तुम्हाला माहीत आहे.

म्हाताऱ्यांचं वेगळं बघावं लागतं. ८५ वर्षांपुढच्यांना आणि किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्यांना घरून मतदान करता येतं, पण त्यासाठी अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत १२डी फॉर्म भरून द्यावा लागतो. पाच दिवस म्हणजे काहीच नाही. ज्या बूथप्रमुखाकडे अशा आजी-आजोबांची यादी आधीच तयार असते तोच हे करू शकतो. आणि 'गाडी पाठवा' म्हणणाऱ्यांसाठी सांगतो: उमेदवाराने मतदारांना फुकट ने-आण करणं हा कायद्याने भ्रष्ट आचार आहे. सर्रास चालतं, तो भाग निराळा.

शहराची गोष्ट करायची तर कोल्हापूरजवळच्या करवीरमध्ये ८४ टक्क्यांच्या वर मतदान होतं आणि त्याच दिवशी मुंबईच्या कुलाब्यात ४५ सुद्धा गाठलं जात नाही, यावर "सुशिक्षितांना पडलेली नाही" असा शेरा मारणं सोपं आहे. मला तो अर्धवट वाटतो. करवीरच्या गावात मतदान न केलेला माणूस संध्याकाळी पारावर लपून राहत नाही, दोन्हीकडचे त्याला गाठतात. टॉवरमधल्या माणसाला विचारणारं कुणी नाही. वॉचमन सोडत नाही, सेक्रेटरी म्हणतो नोटीस बोर्डावर लावा, भाडेकरूचं नाव जुन्या पत्त्यावर, तेही दुसऱ्या मतदारसंघात. निवडणूक आयोगाने मोठ्या सोसायट्यांच्या आवारात केंद्रं दिली, जोडून सुट्टी मिळू नये म्हणून मतदान बुधवारी ठेवलं. या दोन्ही गोष्टी योग्यच. पण लिफ्टमध्ये "झालं का तुमचं?" म्हणणारा शेजारी आयोगाला पुरवता येत नाही. आम्ही शहरात असाच एक शेजारी शोधतो, इमारतीमागे एक. मिळाला तर इमारत मिळाली.

मग तो दिवस. पहाटे साडेपाचला आमचा एजंट केंद्रात हवा, कारण मतदानाच्या दीड तास आधी मॉक पोल, म्हणजे यंत्र तपासायचं चाचणी मतदान, असतो. बाहेर आमचं टेबल. २०२४ ला ते केंद्रापासून २०० मीटरवर लागायचं, पुढच्या वर्षी आयोगाने अंतर १०० मीटरवर आणलं. एक टेबल, दोन खुर्च्या, डोक्यावर छत्री. मतदाराला त्याचा यादीतला क्रमांक लिहून द्यायची चिठ्ठी कोऱ्या पांढऱ्या कागदावर, तिच्यावर ना पक्षाचं नाव ना चिन्ह. आतल्या एजंटाला त्याची खुणा केलेली यादी बाहेर आणता येत नाही, म्हणून बाहेरच्या यादीवर चिठ्ठ्या देतानाच खुणा करत जायचं. अकराच्या सुमारास एक जण पट्टी ठेवून हिरव्या नावांवरून खाली उतरतो: कोण आलं, कोण राहिलं. साडेनऊवाल्या मावशी आल्या नसतील तर शेजारच्या वहिनींना फोन. दुपारी एक ते तीन सामसूम, ते दोन तास कार्यकर्ते जेवायला गेले की संपलं. मी त्याच वेळेला लोकांना गल्लीत पाठवतो, कारण तेव्हा माणूस घरात सापडतो.

शेवटच्या तासाची झुंबड खरी असते. २०२४ ला पाच वाजता राज्याचा आकडा ५८.२२ होता आणि अंतिम ६६.०५ झाला. त्यावर पुढे भरपूर वाद झाला, त्यात मी इथे शिरत नाही. कामापुरतं एवढंच: सहाला रांगेत असलेल्या प्रत्येकाला मत देता येतं, शेवटच्या माणसापासून पुढे चिठ्ठ्या वाटतात. आणि मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष हजर असलेल्या एजंटांना १७सी या फॉर्मची प्रत देतो, त्यावर किती मतं पडली तो आकडा असतो. दमला म्हणून साडेपाचला घरी गेलेल्या एजंटाच्या हातात तो कागद येत नाही, मग नंतर कितीही आरडाओरडा करा.

"आणि पैशाचं काय?" हा तिसरा प्रश्न, आवाज बारीक करून. वाटले जातात. विधानसभेच्या उमेदवाराची खर्चाची मर्यादा ४० लाख आहे आणि ती वाचून आमच्या धंद्यातले सगळे गालात हसतात. पण ज्याला चार ठिकाणची पाकिटं मिळाली तो चार ठिकाणी मत देऊ शकत नाही, आणि आत पडद्यामागे कुणी बघायला नसतं. पाकीट वाटणाऱ्याच्याही हातात शेवटी यादीच असते. ती चुकीची असेल तर पाकीट मधल्यामध्ये जातं, आणि ते जातंच.

निकालानंतर केंद्रनिहाय आकड्यांचा फॉर्म २० मिळतो. गुलाल उधळून झाला, किंवा नाही उधळला, तरी मी तो घेऊन बसतो आणि प्रत्येक केंद्राच्या हिरव्या खुणांशी ताडून बघतो. चारशे हिरवे दाखवले आणि तीनशेऐंशी पडली, तर तो बूथप्रमुख सोन्यासारखा. तिथे आम्ही हरलो असलो तरी. चारशे दाखवून दीडशे पडली, तर पुढच्या वेळी तिथे दुसरा माणूस. तो दारोदार फिरलाच नव्हता, घरी बसून हिरवं पेन चालवलं होतं.